नऊ बुधवारांचं खाणं

ओट्सचा उपमा ज्या कुणी शोधून काढला, त्याला जन्मभर तोच खायला घालावा, असं सेलिन तुस्कानोचं स्पष्ट मत होतं. रोज सकाळी तिची सून एलिसा ती वाटी तिच्यापुढे ठेवायची आणि सेलिनच्या तोंडाला पाणी सुटायचं, पण ओकारीच्या आधी सुटतं तसलं. बुळबुळीत, ना तिखट ना आंबट, भिंतीला कागद चिकटवायला बरा. त्यात चार वाटाणे डोळे वटारून पडलेले. रक्तात साखर जराशी वाढलीय, असं डॉक्टर एकदा म्हणाले होते. तिच्या मुलाने, स्टीवनने, त्या एका वाक्यावर आईचं तोंडच शिवून टाकलं.

आणि तोंड तरी कुणाचं! वसईतल्या गिरीजमध्ये लग्नघरी आदल्या दिवशी मटणाची हंडी चढली की ‘सेलिनला बोलवा, मीठ बघू दे’ असं व्हायचं. तिच्या हातचं इंदयाल, ते मिरची-लसणाचं आंबट मटण, ज्याने एकदा खाल्लं तो दुसऱ्या घरी जेवताना गप्प बसायचा. फोर्टमधल्या एका विमा कंपनीत तिने उभी नोकरी टायपिंगमध्ये काढली. रोज खानावळींच्या पाट्या वाचत स्टेशन गाठायचं आणि हातात मात्र घरचा डबा. आपण रिटायर झालो की आख्खी मुंबई बसून खायची, असं तिने आणि तिच्या नवऱ्याने ठरवून ठेवलं होतं. सेलिन रिटायर झाली त्याच वर्षी फ्रेडरिक गेला. मुंबई खायची राहून गेली.

मग एलिसाने स्वयंपाकघर नवं करून घेतलं. मागल्या दारची चूल फोडली आणि तिथे स्कूटर उभी राहू लागली. आत पांढरीधोप कपाटं, वर धूर ओढणारी चिमणी, आणि त्या चिमणीखाली मासे तळायला बंदी. “मम्मी, प्लीज. माझ्या ऑफिसच्या कपड्यांना स्मेल येतो,” एलिसा म्हणायची. मग चिमणी काय शोभेला लावलीय, हे सेलिन मनातल्या मनात विचारायची. तेलाशिवाय तळणारं एक यंत्र आलं. त्यातून निघालेला बांगडा पाहून सेलिनला त्या माशाची दया आली. मेल्यावर इतके हाल कुणाचे होऊ नयेत.

एके दिवशी ती म्हणाली, “मी उद्या जरा मुंबईला जाऊन येते.”

“एकटी? या वयात?” स्टीवन म्हणाला. “आणि तिकडे जाऊन काहीबाही खाशील. काही नको, आय.”

सदुसष्ट वर्षांच्या बाईला पोटच्या पोराकडून परवानगी घ्यावी लागते, याचीच तिला शिसारी आली. पण वसईत एक वाट कुणी अडवत नाही. दोन दिवसांनी जेवणाच्या टेबलावर तिने सांगून टाकलं, “मी माहीमची नोव्हेना धरलीय. नऊ बुधवार.”

एलिसाने हळूच विचारलं, “मागणी काय आहे, मम्मी?”

“मागणी फळेपर्यंत बोलायची नसते,” सेलिन म्हणाली आणि दुधीची भाजी बाजूला सारली.

नोव्हेना ती खरीच करायची. खोटं बोलायचं तर निदान अर्धं खरं असावं, एवढी लाज तिला होती. सकाळची घाई ओसरली की निघायचं, माहीमला माय मरियेच्या चर्चमध्ये प्रार्थना करायची, मेणबत्ती लावायची आणि बाहेर आली की जी लाल बस समोर येईल तिच्यात खिडकी धरून बसायचं. गुडघे दुखायचे, पण त्या खिडकीत तिला बरं वाटायचं. पुढे मात्र उतरून जेवायचं असायचं, आणि तिथे सगळी माती व्हायची.

पहिल्या बुधवारी ती फोर्टला गेली. ज्या खानावळीच्या पाटीकडे ती तीस वर्षं बघत आली होती, तिथे आता काचेचं दार होतं. पापलेटाचं कालवण मागवलं तर त्यात साय तरंगत होती. दुसऱ्या बुधवारी गिरगावात पोऱ्याने टेबल पुसलं, आणि त्या ओल्या फडक्याचा वास जेवणभर नाकातून गेला नाही. मासा ताजा असेलही, पण त्याला फडक्याची चव लागली. दादरला थाळीत आमटीपासून कोशिंबिरीपर्यंत सगळ्यांत साखर. आणि वाढप्याचा अंगठा वाटीत, नखापर्यंत बुडालेला. सॉसच्या बाटलीच्या तोंडाशी वाळलेला लाल थर, मेन्यूकार्डाला चिकटणारी बोटं, शेजारच्या टेबलावर जेवणाचे फोटो काढत ते थंड करणारी पोरं. आणि जिकडेतिकडे चीज! मटणाच्या पॅटिसवर चीज, डोशावर चीज, पावभाजीवर चीज. माणसांच्या जिभा गहाण पडल्यात की काय, असं तिला वाटायचं. घरी येऊन ती गुपचूप आल्याचा तुकडा चघळायची. एलिसा विचारायची, “प्रार्थना छान झाली?” ती म्हणायची, “झाली.”

कहर झाला तो वांद्र्याला. दारावर लिहिलं होतं की इथे वसईच्या घरचं जेवण मिळतं. सेलिनला वाटलं, देवानेच आणलं. इंदयाल आलं ते दिवाळीच्या पणतीएवढ्या मडक्यात, वर कसलीशी हिरवी पालवी खोचलेली. घास घेतला तर नारळाचं दूध! इंदयालात! सोबतचे फुगे, पिठाचे ते तळलेले गोळे, थंडगार, चावताना कटकट आवाज करणारे. फुगा गरम असला की हाताला चटका बसतो आणि ताडीचा आंबूस वास येतो, हे त्या स्वयंपाक्याला कुणी सांगितलंच नव्हतं. तिने तो घास कागदी रुमालात थुंकला आणि रुमाल पर्समध्ये कोंबला. परतीच्या वाटेवर पर्स उघडली की तो वास यायचा आणि तिला पुन्हा मळमळायचं.

तरी ती जायची थांबली नाही. शोधत होती म्हणा, हट्टाला पेटली होती म्हणा. तिला हवा होता एक घास, जो गिळल्यावर डोळे मिटावेत.

अशातच एका बुधवारी सकाळी तिने कचऱ्याच्या पिशवीत आपली कोलीमची बरणी पाहिली. वर्षाची बेगमी ती. सुकवलेली बारीक कोळंबी, तिने स्वतः गच्चीत उन्हात घालून, कावळे हाकलून वाळवलेली. वर चहाचा चोथा, अंड्याची टरफलं, आणि त्यावर पुन्हा ओट्स. फेलिशिया, तिची नात, शाळेचा बूट घालता घालता म्हणाली, “मम्माने फेकली, आजी. तिला त्या वासाने उलटी होते.”

सेलिनला वाटलं, मलाही होते, माझे आई. मला या घरात रोज उलटी होते, मी कुणाला फेकून देऊ?

ती निघणार तेवढ्यात एलिसा मागून आली. तिच्या चेहऱ्यावर बरणीचं काही नव्हतं. उलट डोळे भरून आले होते. “मम्मी, आम्हाला कळलंय तुम्ही नोव्हेना कशासाठी धरलीय. आमच्या आयर्लंडच्या व्हिसासाठीच ना? वर्ष झालं फाइल अडकून. बोलायचं नसतं, म्हणून मी पण काही बोलले नाही. पण तिथे बाहेर मेणाची विमानं मिळतात ना, एक विमान वाहाल आमच्या नावाने?”

सेलिनने नुसती मान हलवली. आयर्लंडचं काही होणार नाही, हे तिने केव्हाच धरून ठेवलं होतं. तिच्या डोक्यात ती बरणी होती.

चर्चच्या बाहेरच्या दुकानांत मेणाच्या वस्तू मांडलेल्या असतात. ज्याचं जे दुखतं वा ज्याला जे हवं, त्याने ते घ्यावं आणि वाहावं. पाय, हात, काळीज, पाळण्यातलं बाळ, विमान, घर. सेलिनने विमान उचललं. पिवळट, गुळगुळीत, उन्हाने जरासं मऊ पडलेलं. तिला आठवली चहाच्या चोथ्याखालची बरणी. आठवली स्कूटरखालची चूल, यंत्रातला बांगडा, ती बुळबुळीत वाटी. डोक्यात अशी तिडीक गेली की तिने विमान खाली ठेवलं आणि घर उचललं.

आत जाऊन तिने ते वाहिलं. मागितलं ते सरळ शब्दांत मागितलं. “माय, माझं घर मना परत दे. चुलीसकट.”

संध्याकाळी एलिसाने विचारलं, “वाहिलंत?”

“वाहिलं,” सेलिन म्हणाली. काय वाहिलं, ते तिने सांगितलं नाही.

नवव्या बुधवारी ती घरी परतली, तर स्टीवन फाटकातच उभा. तिला वाटलं, चोरी पकडली. पण त्याने तिचे दोन्ही हात धरले आणि लहान पोरासारखा रडायला लागला. व्हिसा आला होता. तिघांचाही. एलिसा धावत आली आणि सासूच्या गळ्यात पडली. सेलिनच्या साडीला कुठल्यातरी हॉटेलच्या जळक्या तेलाचा वास येत होता, तिचा तिलाच नको झालेला. पण जिला कोलीमच्या वासाने उलटी व्हायची, ती त्याच साडीत तोंड खुपसून म्हणाली, “तुमच्यामुळे, मम्मी. फक्त तुमच्यामुळे.”

त्या रात्री एलिसाने स्वतः सांगितलं, आज तुम्हाला हवं ते करा, मासे तळा, काय वाटेल ते. सेलिनने काही केलं नाही.

चार दिवसांत सगळ्या वाडीत झालं. सेलिनची नोव्हेना फळली. शेजारची बाई आपल्या मुलाच्या, शत्रुघ्नच्या, नोकरीसाठी नऊ बुधवार धराल का, म्हणून विचारायला आली. येताना केळी घेऊन आली. लोक तिच्याकडे आदराने बघायचे आणि तिला त्या आदराची किळस यायची, आपल्याच तोंडाचा वास आपल्याला यावा तशी. रोज ती ठरवायची, आज सांगते, पोरी, मी विमान नव्हतं वाहिलं. निघायच्या दिवशी बॅगा गाडीत चढल्या तेव्हा तिने तोंड उघडलंही. एलिसाने तिचा हात कपाळाला लावला. “वर्षभरात तुम्हाला बोलावून घेऊ,” ती म्हणाली. फेलिशिया गाडीच्या काचेला नाक दाबून हसत होती. सेलिनने तोंड मिटलं.

घर तिला परत मिळालं. माय मरियेने तिचं ऐकलं, आणि जसं मागितलं तसंच ऐकलं. स्कूटर विकली गेली होती. वाडीतल्या माणसाकडून तिने तिथे पुन्हा चूल घालून घेतली. मातीची तवली कपाटामागून काढली, घासली. मटण आणलं, मसाला वाटला, ताडी घालून पीठ फुगवलं. इंदयाल रटरटायला लागलं तसा वास केळीच्या बागेपार गेला आणि तिला अडवायला कुणी नव्हतं.

तिने जेवायला घेतलं. इंदयाल बरोबर झालं होतं. तिखट, आंबट, मीठ, सगळं जिथल्या तिथे. ज्या घासासाठी तिने आख्खी मुंबई पालथी घातली, तोच हा. तिने डोळे मिटले, आणि मिटल्यावर घरात कसलाच आवाज नव्हता. घास तोंडात फिरत राहिला. सवयीने चार माणसांचं शिजवलं होतं. एवढं मटण, त्यावर थिजत चाललेली चरबी, ताटात एकटीचा हात. तिला अशी शिसारी आली की तिने घास तसाच ताटात काढून ठेवला.

पुढच्या बुधवारी ती माहीमला गेली. आभाराचं विमान वाह, असं स्टीवनने फोनवर बजावलं होतं. दुकानापुढे ती बराच वेळ उभी राहिली. विमान हातात घेतलं. आभार मानावेत तर कुठल्या तोंडाने, आणि त्यांना परत आण म्हणावं तर पोराचं बसलेलं बस्तान मोडायचं. मागितलं की मिळतं, हे तिने पाहिलं होतं. तिने विमान वाहिलं, पण मागितलं काहीच नाही. बसने परत येताना खिडकीतून खानावळींच्या पाट्या गेल्या. ती कुठेच उतरली नाही.

संध्याकाळी व्हिडिओ कॉल आला. तिघंही जाड कपड्यांत, डोकी एकमेकांना चिकटवून. “आय, आज काय खाल्लंस?” स्टीवनने विचारलं. “आता कोण अडवतंय तुला? मजा कर.”

“ओट्स,” सेलिन म्हणाली.

तिघं हसले. “मम्मी, मस्करी नका करू,” एलिसा म्हणाली. फेलिशियाने तोंड वाकडं करून ‘याक’ केलं.

फोन ठेवल्यावर सेलिन त्या पांढऱ्याधोप स्वयंपाकघरात गेली. वरच्या कपाटात अर्धं पाकीट होतं, तोंड दुमडून त्याला कपडे वाळत घालायचा निळा चिमटा लावलेला. एलिसाचीच करणी, दुसऱ्या कुणाची असणार! सेलिनने पाणी उकळलं, एलिसा टाकायची तेवढेच वाटाणे टाकले, आणि वाटी घेऊन टेबलाशी आपल्या रोजच्या खुर्चीत बसली. पहिल्या घासालाच ओकारी आली. तरी तिने वाटी संपवली, चमच्याने कड खरवडून. मग उरलेल्या पाकिटाचं तोंड पुन्हा तसंच दुमडलं आणि निळा चिमटा लावून जागच्या जागी ठेवलं.