फोटोच्या जास्तीच्या कॉप्या

भाचीनं परवा तिचा सीव्ही मोबाईलवर पाठवला आणि खाली विचारलं, "मावशी, फोटो लगाऊँ क्या?" मी लगेच लिहिलं, लावशील तर हात तोडीन. पोरगी घाबरली. तिच्या आईचा, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा, फोन आला, की एवढ्याशा फोटोवरून पोरीवर कशाला खेकसतेस. एवढासा फोटो! माझ्या फोटोचं काय झालं ते तिला माहीत नाही. ती तेव्हा शाळेत होती आणि नंतर घरात त्यावर कोणी तोंड उघडलं नाही. आज मी उघडते.

बी.एस्सी. करून मी रायपूरजवळच्या पोलाद प्लांटच्या वसाहतीत, सेक्टरमधल्या आमच्या क्वार्टरच्या व्हरांड्यात दहावीच्या पोरांच्या शिकवण्या घ्यायचे. बाबा प्लांटमध्ये मिलवर कामाला होते, रिटायर व्हायला वर्ष-सव्वा वर्ष राहिलं होतं. त्या सुमारास कळलं, जवळच्याच रसमड्याच्या एका कारखान्यात लॅबसाठी केमिस्ट पाहिजे. लोखंडाच्या नमुन्यात कार्बन किती, गंधक किती, ते तपासायचं काम. मला ते येत होतं, आवडत होतं, आणि ती नोकरी मला पाहिजे म्हणजे पाहिजेच होती. शिकवण्या घेऊन मी पार कंटाळले होते.

त्या कारखान्याच्या मॅनेजरला ओळखणारे आमच्या माहितीत एकच गृहस्थ होते, बाबांच्या खात्यातले साहेब. मूळ नागपूरचे, मराठी मंडळाचे सेक्रेटरी, बंगल्यात राहणारे. आम्ही त्यांना काका म्हणायचो. ते बाबांना अरे-तुरे करायचे आणि बाबा त्यांच्यासमोर खुर्चीच्या कडेवर बसायचे. मी माझा सीव्ही त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि माझ्याच हातात परत दिला.

"फोटो कुठे आहे बेटा?"

"काका, केमिस्टच्या कामाले फोटो कायले पाहिजे?"

"अगं, फोटोशिवाय कोण बघणार? छान साडी नेसून काढ. आणि कॉप्या जास्त आण, चार ठिकाणी देता येतील."

चार ठिकाणी! मी हरखले. आईची मोरपंखी साडी नेसून स्टुडिओत गेले. तिथल्या माणसानं कॉम्प्युटरवर माझा रंग उजळून दिला, न सांगता. फोटोतली बाई बरी दिसत होती, पण ती मी नव्हते. मी म्हटलं जाऊ दे, नोकरी तर लागेल. सीव्ही आणि फोटोंचं पाकीट बाबाच काकांकडे देऊन आले.

मग एक दिवस बाबा म्हणाले, रविवारी काकांच्या बंगल्यावर जायचं, कंपनीचे लोक तिथंच इंटरव्ह्यू घेऊन राहिले. मला जरा नवल वाटलं, पण साहेब लोकांचं काय सांगावं. आठवडाभर मी पुस्तकं काढून बसले. निघताना बाबा म्हणाले, "फोटोत आहे तेच साडी नेस." आणि माझ्याकडे न बघता चप्पल शोधायला लागले. चप्पल पायातच होती.

काकांच्या हॉलमध्ये एक गृहस्थ, त्यांची बायको आणि तिशीतला एक माणूस बसले होते. मी सर्टिफिकेटांची फाईल मांडीवर घेऊन ताठ बसले. गृहस्थांनी विचारलं, काय काय येतं? मी सुरू झाले. नमुना कसा घ्यायचा, कसा विरघळवायचा, कुठं चूक होते. अख्खं सांगितलं हो मी, श्वास न घेता! तिशीतला माणूस गालात हसत होता. मग बाई पुढं वाकल्या.

"उन्हात जास्त हिंडतेस का गं? फोटोत तर उजळ दिसून राहिली होतीस."

मी बाबांकडे पाहिलं. बाबा पोह्यांच्या बशीत पाहत होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी फाईल उचलली आणि त्या माणसाला विचारलं, "केमिस्टची जागा कुठं आहे?" तो म्हणाला, "कौन सी जगह?" मी उठून चालती झाले. दोन दिवसांनी निरोप आला, मुलगी सावळी आहे, जमत नाही. म्हणजे बघा, जिथं मी गेलेच नव्हते तिथून मला नापास केलं. घरी बाबा म्हणाले, "साहेबांनीच त्या लोकांले परस्पर बोलावलं, मले काय मालूम?" मी विश्वास ठेवला. बाप खोटं बोलत असेल असं मनातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी स्कूटी काढली आणि थेट रसमड्याला गेले. गेटवर भांडून आत शिरले. मॅनेजर रायपूरकडचे होते. माझा सीव्ही त्यांच्याकडे आलाच नव्हता. उलट तेच म्हणाले, तुमच्या त्या साहेबांना मी स्वतः विचारलं होतं, कोणी केमिस्ट असेल तर सांगा, ते म्हणाले ओळखीत कोणी नाही. मी जवळचा कागद पुढं केला, बिनफोटोचा. त्यांनी विचारलं, "फोटो नहीं लगाया?"

"सर, सामने खड़ी हूँ. देख लीजिए."

ते हसले, आणि मला लॅबमध्ये नेऊन हातात नमुना दिला. संध्याकाळपर्यंत मला नोकरी लागली. पण त्या आनंदानं माझा राग रतीभर कमी झाला नाही. नोकरी दाराशी चालून आली होती आणि या काकांनी ती परस्पर हाकलून दिली होती.

परतताना स्कूटी सरळ काकांच्या बंगल्यावर. काका बागेत गुलाबांना पाणी देत होते.

"काका, माझे फोटो परत द्या. सगळे."

"अगं, ते आता बाहेर गेलेत. लोकांकडे आहेत."

"मंग आणा. नाई आणले तर गणपतीच्या आरतीनंतर मी मंडळाच्या माइकवर उभी राह्यते आणि इंटरव्ह्यू कसा घेतला ते साऱ्याईले सांगते. काकूही ऐकतीन."

त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पाईप तिथंच पडला. आणि मग ते जे बोलले ते मी विसरायचं म्हटलं तरी विसरणार नाही.

"मला कशाला बोलतेस? तुझ्या बापानंच सांगितलं. साहेब, नोकरीचं राहू द्या, मी सर्विसमध्ये आहे तोवर स्थळ बघा. जास्तीच्या कॉप्या मागायलाही त्यानंच आधी सांगितलं होतं."

बाहेरच्यांना हे कळणार नाही, म्हणून सांगते. आमच्या सेक्टरमध्ये सर्विसमधल्या बापाच्या पोरीला एक भाव आणि रिटायर बापाच्या पोरीला दुसरा. क्वार्टर आहे, पगार आहे, मागे चार साहेब उभे आहेत, तोवर लग्न उरकायचं. सगळे तेच करत. बाबांनीही तेच केलं. त्यासाठी माझी नोकरी त्यांनी पोह्यांच्या बशीखाली दाबली.

काकांना मी सोडलं नाही. महिनाभर तो माणूस घरोघर फोटो मागत फिरला. वैशाली नगर झालं, नंदिनी नगर झालं. माझ्या रंगावर बोलणाऱ्या त्या बाईंना तर मी समोर बसून फोन लावायला लावला. "मुलीकडूनच नकार आहे," असं काकांच्या तोंडून वदवून घेतलं. पलीकडून बाई कडाडल्या, आम्हीच नाही म्हटलं होतं ना! काका घाम पुसत म्हणाले, हो, पण मुलीनं आधीच म्हटलं होतं. माझा जीव असा थंड झाला म्हणून सांगू!

पण काका परके होते. त्या संध्याकाळी बंगल्यावरून घरी आल्यावर मी बाबांसमोर उभी राहिले.

"कावून केलं असं?"

"तुह्याच भल्यासाठी केलं न बाई. मी घरी बसल्यावर कोण पुसन तुले?"

"हाव का? मंग ऐका. तुमी सर्विसमधे आहे तोवर माझं लग्न होत नाई. पाहूनच घ्या."

आणि मी करून दाखवलं. वर्षभर बाबा स्थळं आणत राहिले, मी हुसकावत राहिले. लॅबमधून तशीच यायचे, कपड्यांना ॲसिडची भोकं, आणि बसल्या बसल्या मुलाला म्हणायचे, तुमची पगाराची स्लिप दाखवा, मार्कशीटही आणली असेल ना? त्याच्या आईला विचारायचे, हा उन्हात जास्त हिंडतो का? नाकाला मिरच्या झोंबून लोक चहा अर्धा टाकून उठायचे. आई पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात रडायची. मला आईचं वाईट वाटायचं, बाबांचं नाही. एकदाही नाही.

बाबांच्या रिटायरमेंटचा दिवस आला. आमच्याकडे त्या दिवशी माणसाला हार घालून, जीप सजवून, ढोल वाजवत क्वार्टरपर्यंत आणतात. दारात ओवाळतात, मग सगळ्या घराचा फोटो काढतात. तो फोटो जन्मभर भिंतीवर राहतो. मॅनेजर म्हणाले, आज छुट्टी ले लो. मी म्हटलं, काम आहे सर. काम नव्हतं. मी स्वच्छ बाटल्या पुन्हा धूत बसले.

घरी पोचले तेव्हा मांडव उतरवत होते. अंगणात गुलाल आणि कागदी प्लेटा पडल्या होत्या. बाबा पायरीवर बसले होते, गळ्यातला हार तसाच.

"फोटोवाला थांबला होता," ते म्हणाले. "तुह्यासाठी थांबवून ठेवला होता मी त्याले. मंग तो बी गेला. कावून नाई आली?"

वर्षभर मी याच प्रश्नाची वाट बघत होते.

"माझे एवढे फोटो वाटले न तुमी, बाबा. त्यातला एक चिकटवून घ्या."

बाबांनी हळूच हार काढला, पायरीवर ठेवला, आणि आतल्या बाजूला तोंड करून आईला म्हणाले, "हिले वाढ. भुकेली असन."

मी आत गेले आणि जेवले. पोटभर जेवले, दुसऱ्यांदा भातही मागून घेतला.