शेवटच्या बांधीपर्यंत पाणी किती वेळात जातं

अन्याय झाला तो आमच्या गल्लीतल्या काकीवर. कधी झाला तेही सांगतो: १९८६ चं नवरात्र, आठवी माळ, सकाळचे दहा. त्या वेळी तलावाचं तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं दार, बंद झालं आणि काकीचं दीड एकर धान तहानलेलं राहिलं. धान निसवलेलं होतं. तेवढं एक पाणी मिळालं नाही तर लोंबीत दाणा भरणार नव्हता, आणि भरला नाही. अन्याय करणारा मी. आजवर छापलेल्या एकाही पत्रकात असं वाक्य मी लिहिलेलं नाही, म्हणून इथं लिहितो.

शहापूरहून आत दीड कोसावर आमचं गाव. मी पत्रकं काढायला शिकलो ते कारखान्याच्या दाराशी, पाळी सुटल्यावर सायकलींवरून घरी निघालेल्या कामगारांच्या हातात दुसऱ्यांची पत्रकं कोंबता कोंबता. तीन ओळींत शत्रू दाखवायचा, चौथ्या ओळीत मागणी करायची. गावात परतलो तेव्हा शत्रू समोरच होता: तलावाच्या पारीला (मातीच्या बांधाला) लागून ज्यांच्या बांध्या, म्हणजे धानाचे वाफे, ते वरचे शेतकरी. तुडूमातून निघणारी नहर, आमचा पाट, त्यांच्या बांधावरून आधी जाते. रात्री ते पाणी फोडतात आणि शेवटच्यांची धानं वाळतात, असं मी लिहिलं. तीन पत्रकं काढली. मागण्या दोन होत्या. रात्री तुडूम बंद ठेवा, आणि दिवसा पाळीपाळीनं प्रत्येकाला घड्याळ लावून सारखे चार तास पाणी द्या.

आणि मी जिंकलो. चौऱ्याऐंशी साली गावानं दोन्ही मागण्या मान्य केल्या. शाळेतलं जुनं घड्याळ तुडूमाजवळच्या झाडाला टांगलं गेलं. वय बावीस, आणि गाव माझ्या नियमानं चालत होतं. मी छाती काढून पारीवरून फिरायचो.

काकी नवरा वारल्यावर एकटीनं शेती करायची. तिच्या बांध्या नहरीच्या पार टोकाला. त्याच वर्षी तिनं मला रस्त्यात अडवलं. "चार घंटे त देल्ले तुनं बाबू, पर पाणी कुठी आहे?"

मी म्हटलं, वरचे अजून चोरत असतील. चौथं पत्रक काढलं.

पुढच्या पावसाळ्यात विद्यापीठातून एक मुलगी आली. लोकप्रशासन का काय शिकत होती. गावानं स्वतः केलेले पाण्याचे नियम कुठं नीट चालतात आणि कुठं फसतात, हा तिचा अभ्यासाचा विषय. शहापूरला बसमधून उतरायची, तिथून भाड्याच्या सायकलीनं चिखल तुडवत यायची. पहिल्या दिवशी मी तिला माझी चारही पत्रकं दिली आणि म्हटलं, यात सगळं आहे. तिनं ती तिथंच बसून वाचली. विचारलं, "तुडूमापासून शेवटच्या बांधीपर्यंत पाणी किती वेळात जातं?"

मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, प्रश्न वेळेचा नाही, वरच्यांच्या दानतीचा आहे.

ती गेली आणि ज्याला त्याला तेच विचारत सुटली. जे वरचे शेतकरी मला पाहून रस्ता बदलायचे, ते तिला खाटेवर बसवून कपबशीत चहा द्यायचे. काकीनं लाखोरीच्या डाळीचे वडे केले, तिच्यासाठी. माझ्यासाठी कधी केले नव्हते. माझं गाव, माझी भांडणं, माझी दोन वर्षं, आणि लोक हातचं काम टाकून हिच्याशी बोलून राहिले होते. पोटात दुखणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं.

एका सकाळी सहाला तुडूम उघडलं तेव्हा तिनं पळसाचं एक पान पाण्याच्या तोंडाशी सोडलं आणि त्या पानाबरोबर नहरीच्या काठानं चालत निघाली. नहर रात्रभर बंद, कोरडी, भेगाळलेली. पाणी थांबत थांबत पुढं सरकायचं, पान अडकायचं, ती वाट पाहायची, घड्याळ पाहायची, वहीत लिहायची. मी पारीवर उभा राहून हसलो. चारजणांना ऐकू जाईल असं म्हटलं, विद्यापीठात नावा सोडायला शिकवतात वाटतं. चौघंही हसले. तेवढ्यावर माझा तो दिवस छान गेला.

हिवाळ्यात ती गेली. शहाऐंशीला रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, आधी तिचं पाकीट आलं, माझ्या नावानं. आत तिच्या हातची चार पानं, मराठीत. सोबत चिठ्ठी: तुमचं लिहिलेलं गाव वाचतं, माझं कोण वाचणार? हे सभेत वाचून दाखवा, नाहीतर तुमच्या पद्धतीनं छापा. हंगामाआधी ठरलं तर काकींचं धान वाचेल.

दुसऱ्या पानावर ते होतं. रात्री तुडूम बंद राहतं म्हणून नहर रोज नव्यानं कोरडी पडते. काकीच्या दिवशी पाळी सहाला सुरू होते, पण शेवटच्या बांधीला पाणी लागायला जवळजवळ दहा वाजतात. तिची पाळी दहाला संपते. म्हणजे तिचे चारही तास नहरीची माती पिऊन टाकते. नियम सगळ्यांना सारखा आहे, पाणी नाही. उपायही साधा होता. वेळ तुडूमापासून मोजू नका, पाणी बांधीच्या तोंडाला लागल्यापासून मोजा. आणि फेरीत शेवटच्यांना आधी द्या, कारण वरच्या बांध्या पारीच्या झिरप्यावर आठवडाभर ओल्या राहतात.

चोर कुठंच नव्हता. होता तो माझा नियम.

मी ती पानं जुन्या पत्रकांच्या गठ्ठ्याखाली घातली. मनाशी म्हटलं, तपासून पाहू. मग म्हटलं, भाषा फार मऊ आहे. मग म्हटलं, बाहेरच्यांनी येऊन आमच्या गावाला शहाणपण कायले शिकवावं. खरं एवढंच होतं की गावानं माझं एक ऐकलं होतं आणि ते तिच्या चार पानांनी पुसलं जाणार होतं.

आठव्या माळेला मी तुडूमाजवळच होतो. दहाला पाच मिनिटं कमी असताना काकी नहरीच्या काठानं धावत आली. पाणी आत्ताच बांधीला लागलं, अजून घंटाभर राहू दे म्हणाली. तुडूमावरचा माणूस माझ्याकडे पाहू लागला. मी घड्याळाकडे पाहिलं.

"नियम आहे, काकी."

"नियम तुहा आहे बाबू," ती म्हणाली, "धान माह्यं आहे."

दार बंद झालं.

दिवाळीनंतर ती मुलगी आली. काकीच्या अंगणात बसली होती, मलाही बोलावणं आलं. तिनं अगदी सरळपणे विचारलं, गावानं माझी सूचना नाकारली का? काकी म्हणाली, कोणती सूचना? मग दोघी माझ्याकडे पाहत राहिल्या.

मी घरी जाऊन पानं आणली. काकी म्हणाली, वाच. मी चारही पानं उभ्यानं वाचली.  वाचून झाल्यावर ती म्हणाली, "हे तुले रोवणीच्या पहिलेच ठाऊक होतं?"

"हो."

"अन तरी तू घड्याळ पाहून राहिला होता."

 ती मुलगी मला काही बोलली असती तर भांडता आलं असतं.

त्याच आठवड्यात काकीनं मला शाळेतल्या सभेत उभं केलं. सगळं वाचायला लावलं, पाकीट कधी आलं होतं तेही सांगायला लावलं. मला वाटत होतं वरचे खवळतील. त्यांच्यातला सगळ्यात म्हातारा म्हणाला, आमच्या बांध्या तशाही ओल्याच राहतात, पहिलं पाणी बाप घेत होता म्हणून घेतो. मग माझ्याकडे वळला. "त्या पोरीनं आमाले काय लागते ते पुसलं. तुनं चार पत्रकांत चोर म्हटलं. मंग तुह्यं काहून ऐकावं?"

पाळी उलटी झाली, आणि वेळ बांधीला पाणी लागल्यापासून मोजू लागले. पुढच्या वर्षी तलाव पुरता भरलाही नव्हता, तरी काकीच्या बांधीला पाणी लागलं आणि धान भरलं. पण शहाऐंशीचं तिचं साल गेलं ते गेलंच, तनस, नुसता पेंढा, तेवढी हाती आली. गावात नव्या पाळीला 'मॅडमचं पाणी' म्हणतात. ऐकलं की मला अजूनही जळजळतं. आणि ते पाणी बरोबर आहे हे मला कुणाहीपेक्षा जास्त ठाऊक आहे.

आता तुम्ही. तुम्ही कार्यकर्ता असाल, मास्तर, सरपंच, ग्रामसेवक, कुणीही. विद्यापीठातून तुमच्या गावाबद्दल आलेला कागद तुमच्या घरात पडून असेल, आणि तो का पडून आहे हे तुम्हाला नीट ठाऊक असेल. आज काढा. ज्याचं पीक त्यावर अवलंबून आहे त्याच्या अंगणात जा आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचा, तुमची चूक लिहिलेली ओळसुद्धा. हंगाम सुरू व्हायच्या आधी वाचा.