सात नंबरचा शिक्का

अक्का गेज कधी ढकलत नसत. भोकावर तो सरळ उभा धरायचा आणि बोटं उघडायची. बस. गेज आपल्या वजनाने आत उतरला तर उतरला. नाही उतरला तर त्याची समजूत घालत बसायचं नाही.

"ढकलायचं नाही गं," त्या म्हणायच्या. "ढकललं की सगळंच आत जातंय."

अक्कांचं नाव मी सांगणार नाही. त्या असत्या तर त्यांना ते आवडलं नसतं. आणि तुमच्या ओळखीतही अशी एखादी बाई असेलच, जिच्या मापातून जाताना साहेबही अंग चोरतो. तिचं नाव घाला, चालेल.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. बंगळूरजवळच्या पीण्या वसाहतीतल्या एका लहानशा कारखान्यात आम्ही ट्रकच्या ब्रेकच्या लिव्हर तपासायचो. लिव्हरला एक भोक, त्यात एक पिन बसते. भोक लहान असेल तर पिन जात नाही. मोठं असेल तर पिन खुळखुळते, आणि एखाद्या घाटात ब्रेक दगा देतो. म्हणून गेज. पोलादाची वीतभर दांडी, तिला दोन टोकं. बारीक टोक भोकात जायलाच हवं. जाड टोक जाता कामा नये. दोन्ही जमलं तर माल चांगला. मग तपासणाऱ्याने आपल्या नंबरचा शिक्का ठेवून हातोडीचा एक ठोका द्यायचा. अक्कांचा नंबर सात.

हा शिक्का म्हणजे बोटाएवढी दांडी, टोकावर उलटा सात. तो कुणी कुणाला उसना देत नसे. कंगवा देतील, डबा देतील, शिक्का नाही. अक्का तो सुतळीने कमरेला बांधायच्या आणि जेवताना त्यावर पदर ओढून घ्यायच्या.

मी सांगलीहून डिप्लोमा करून आलेली. शिकाऊ, आणि भयंकर हुशार. कॉलेजात पत्रकं वाटून माझी जीभ तयार झाली होती. इथे येताच कामगारांच्या संघटनेची पत्रकं मी लिहू लागले. अक्कांचं घराणं तीन-चारशे वर्षांमागे इकडे आलेलं. घरात मराठी, शाळा कानडीची. मी बोललेलं त्यांना "पुस्तकासारखं" वाटायचं, त्यांचं मला गाण्यासारखं.

पहिल्याच दिवशी मी तासाभरात दोन ट्रे संपवले. अक्कांनी ट्रेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"दोन्ही टोकं लावलीस?"

"बारीक टोक सगळ्यांत गेलंय, अक्का."

"ते जातंयच की. मोठ्या भोकात म्हैस पण जातीया." आणि दोन्ही ट्रे माझ्यासमोर उलटे केले. "स्वल्प सावकाश. परत."

मी रडकुंडीला आले. त्या शेजारच्या बाकावर बसून स्वतःचं काम करत राहिल्या. पण संध्याकाळी बस स्टॉपवर माझ्या हातावर कोडुबळ्याची पुडी ठेवली, आणि म्हणाल्या, "रडून झालं? सरी, बरं झालं. आता खा."

ही दोन टोकं त्या सगळीकडे लावायच्या. मल्लेश्वरमच्या बाजारात अवरेकाळूच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा घेताना, भाडेकरू ठेवताना, डॉक्टर निवडताना. भाचीला स्थळ आलं. मुलगा बँकेत, घर स्वतःचं, उंची चांगली. घरचे सगळे खूश.

"हे बारीक टोक झालं," अक्का म्हणाल्या. "जाड टोक कुणी लावलं? त्याला 'नाही' म्हणून बघितलं का कुणी?"

मग मुलाकडच्यांना चहाला बोलावून अक्कांनी मुद्दाम सांगितलं, मुलगी लग्नानंतर नोकरी सोडणार नाही. मुलाने बशी आपटली. स्थळ गेलं. भाची आठ दिवस बोलली नाही, नंतर मात्र जन्मभर बोलत राहिली.

त्याच वर्षी कारखान्यात नवी हवा आली. परदेशी माल पाठवायचा होता. भिंतींवर चकचकीत पाट्या लागल्या: हसा. होकार द्या. अडचण सांगू नका, उपाय सांगा. एका शनिवारी टाय लावलेले गुरुजी आले, आम्हाला आयुष्य शिकवायला. यंत्रावर बोट गेलेल्या माणसाला त्यांनी विचारलं, तुमच्या प्रगतीच्या आड काय येतं? तो बिचारा हात खिशात घालून उभा राहिला. मी रागाने लाल.

मग गुरुजी अक्कांकडे वळले. "मॅडम, आपली सगळ्यात मोठी कमजोरी कोणती?"

"डावा कान," अक्का म्हणाल्या. "स्वल्प जोरात बोला."

हशा पिकला. गुरुजीही हसले, पाटीवरच लिहिलं होतं ना. म्हणाले, "छान! पण प्रत्येक गोष्टीला आधी 'हो' म्हणायची सवय लावा."

"सगळे 'हो' म्हणाले तर जाड टोक कोण होणार, सार?"

गुरुजींनी जेवणाची सुट्टी जाहीर केली.

पुढच्याच आठवड्यात चारशे लिव्हरींचा एक माल आला. भोकं पाडणारं यंत्र आतून झिजलं होतं. अक्कांनी शिक्के मारायच्या आधी सगळा माल तपासला आणि सदतीस नग बाजूला काढून त्यांना लाल रंगाचा ठिपका दिला. सुपरवायझर धावत आला. ट्रक दारात उभा होता.

"अक्का, केसाएवढा तर फरक आहे. मारा शिक्का."

"केस तुझ्या डोक्यावर शोभतोय. ब्रेकमधे नाही."

तासाभराने मॅनेजर स्वतः आला. गोड बोलला. कारखाना आपलं घर आहे म्हणाला. मग हात पुढे केला. "ठीक आहे, तुम्ही मारू नका. शिक्का द्या, दुसरं कुणी मारेल."

अक्कांनी पदर नीट केला. "सात मी आहे, सार. दुसरं कुणी कसं मारणार?"

त्याच दिवशी त्यांना खोकी बांधायच्या कामावर बसवलं. पंचवीस वर्षं तपासणी केलेली बाई, जमिनीवर बसून खोक्यांना पट्ट्या बांधत होती. शिक्का मात्र कमरेलाच. त्या संध्याकाळी मी पाहिलं, सुपरवायझर थिनरच्या बोळ्याने लाल ठिपके पुसत होता आणि ते सदतीस नग बाकीच्यांत मिसळत होता.

मी खोलीवर जाऊन पत्रक लिहिलं. जळजळीत. 'कारखान्याचा सगळा माल सदोष! रस्त्यावर मरण पाठवणाऱ्यांना जाब विचारा!' पत्रक कानडीत हवं होतं, आणि कानडी अक्षर अक्कांचं. सकाळी त्यांनी स्टेन्सिलच्या मेणकागदावर माझं सगळं उतरवलं, विशेषणंही ठेवली. पण 'सगळा माल' खोडून लिहिलं: 400 पैकी 37.

"अक्का, सदतीस वाचून कोण पेटणार?"

"पेटत नसेल तर काडी बदल. आकडा नको."

"ते लोक एवढं खोटं बोलतात आणि आपण—"

"आपण मोजतो," अक्का म्हणाल्या. "त्यांच्यात आणि आपल्यात दुसरा काय फरक आहे गं? त्यांच्याकडे मोटार पण आहे."

मी स्टेन्सिल घेऊन निघाले. मला कानडी लिहिता येत नव्हतं. आकडे येत होते. सायक्लोस्टाइलवाल्याच्या टेबलावर मी खाडाखोडीचं गुलाबी औषध 37 वर लावलं आणि तिथे 400 कोरलं. चारशेपैकी चारशे. मी अन्यायाशी लढत होते.

पत्रक फाटकाबाहेर वाटलं, खांबांवर चिकटवलं. माल घेणाऱ्या कंपनीपर्यंत गेलं, आणि त्यांनी माल निघण्याआधीच थांबवला. तिसऱ्या दिवशी त्यांचा इंजिनिअर आला. मॅनेजरने त्याच्यासमोर चार खोकी उघडली, वरचे नग काढले, गेज लावला. सगळे चांगले. मग सगळ्यांना पॅकिंगच्या शेडमध्ये बोलावलं आणि अक्कांच्या तोंडासमोर पत्रक धरलं.

"चारशेच्या चारशे खराब? अक्षर तुमचंच ना?"

अक्कांनी चष्मा लावला. कागद लांब धरला, जवळ धरला. त्या आकड्यावर त्यांचं बोट थांबलं.

"अक्षर माझं. आकडा माझा नाही."

"मग कुणाचा?"

अक्कांनी माझ्याकडे बघितलं. एकदाच. मला वाटलं, आता नाव घेणार. घ्यायलाच हवं होतं, नोकरी त्यांची जात होती. पण त्यांनी कागद मॅनेजरच्या हातात दिला, बोटं उघडली आणि हात मागे घेतला.

कुणी मला ढकललं नाही.

"आकडा माझा आहे," मी म्हणाले. "त्यांनी सदतीस लिहिलं होतं. मी खोडलं."

मॅनेजरचा चेहरा उजळला. खोटं सिद्ध झालं, विषय संपला. पण अक्कांनी तोवर जमिनीवर बैठक मारली होती. "विषय कुठे संपला, सार? सदतीस आहेत. मी शोधून देते. गेज आण गं."

मी गेज आणला. त्या इंजिनिअरने, त्याचं भलं होवो, घड्याळाकडे बघितलं नाही. एक खोकं ओढून शेजारी बसला. मी एकेक नग द्यायचे, अक्का बारीक टोक लावायच्या, उलटा करून जाड टोक लावायच्या, बोटं उघडायच्या. सकाळपासून दुपारपर्यंत. मधेच इंजिनिअरने स्वतः एक नग घेतला आणि गेजवर अंगठा दाबला.

"ढकलू नका, सार. सोडा."

त्याने सोडला. जाड टोक भोकातून खाली गेलं आणि खट्कन आवाज झाला. त्याने तो नग उजेडाकडे धरला. भोकाच्या कडेला पुसायचा राहिलेला लाल रंग होता. त्याने सुपरवायझरकडे बघितलं. सुपरवायझर छताकडे बघत होता.

शेवटचं खोकं उघडलं तेव्हा पस्तीस झाले होते. वरच्याच थरात छत्तिसावा. मग चांगले, चांगले, चांगले. दोनच नग उरले होते. अक्कांनी पहिला तपासला. चांगला. दुसरा हातात घेतला, पदराने भोक पुसलं, गेज उभा धरला आणि सोडला.

खट्.

"सदतीस," अक्का म्हणाल्या. "मला पाणी दे."

ते सदतीस नग इंजिनिअर आपल्या गाडीत घालून घेऊन गेला. रस्त्यावर गेले नाहीत. हे आधी लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून तुम्हाला वाटेल की आम्ही हरलो.

शनिवारी दोघींना कामावरून काढल्याची पत्रं मिळाली. मला, खोटा मजकूर छापल्याबद्दल. ते बरोबरच होतं. अक्कांना, शिक्का देण्यास नकार दिल्याबद्दल, म्हणजे शिस्तभंग. खोटं बोलणारी आणि खरं बोलणारी, दोघींना एकाच मजकुराचं पत्र. फक्त नाव आणि कारणाची ओळ वेगळी. आणि वर भिंतीवर पाटी: हसा.

बस स्टॉपवर मी माफी मागितली. अक्कांनी पिशवीतून पुडी काढली. "रडून झालं?"

"अक्का, तुम्ही माझं नाव का नाही घेतलं?"

"ढकलून आत गेलीस तर मला काय कळणार, तू चांगली की खराब?"

"आणि मी बोलले नसते तर?"

"तर कळलं असतं," अक्का म्हणाल्या, आणि कोडुबळं मोडून अर्धं माझ्या हातावर ठेवलं.

आता अक्का नाहीत. मी पत्रकं लिहितेच आहे, आणि आवाज खाली आणलेला नाही. ज्यांना ओरडल्याशिवाय ऐकू येत नाही त्यांच्यासाठी मी ओरडते. पण छापायला देण्याआधी प्रत्येक आकड्यावर बोट ठेवते, आणि बोटाखाली काही खुळखुळलं तर खोडते.

आमचा तिथला शेवटचा दिवस सांगते आणि थांबते. हत्यारं परत केल्याशिवाय हिशेब मिळत नाही, म्हणून आम्ही दोघी स्टोअरच्या खिडकीशी उभ्या होतो. मी ॲप्रन दिला, गेज दिला. अक्कांनी सुतळीची गाठ सोडली आणि शिक्का खिडकीत ठेवला. कारखान्याची वस्तू, परत करायलाच हवी. मॅनेजर मागेच उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर समाधान होतं. शेवटी सात नंबर त्याच्या हातात आला होता.

स्टोअरकीपर जुना माणूस, नियमाचा. परत आलेली वस्तू तो तपासून घ्यायचा. त्याने पत्र्याचा एक तुकडा घेतला, त्यावर शिक्का उभा धरला, हातोडी मारली. पत्रा बघितला. परत मारली. मग शिक्का उलटा करून चष्म्याजवळ नेला.

टोक कानशीने घासून सपाट केलेलं होतं. आरशासारखं.

"अक्का," तो हळूच म्हणाला, "सात कुठाय?"

अक्का तोवर फाटकाकडे चालू लागल्या होत्या. डावा कान आमच्याकडे होता.