अस्सल मंडळाचे अध्यक्ष

बाहेरून आलेल्या माणसांवर आमच्या अध्यक्षांइतकं मनापासून चिडणारा माणूस मुकुंदवाडीतच काय, अख्ख्या मराठवाड्यात सापडायचा नाही. स्वतः ते बीडच्या बाजूचे. चिकलठाण्याच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून इथं आले. पण आपण आत आलो आणि मागे शहराचं दार लागलं, अशी त्यांची पक्की समजूत होती. वाळूजच्या कारखान्यांत कामाला जाणारा बिहारी पोरगा दिसला की त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जाई. त्यांच्या घरामागच्या सहा खोल्यांत राहायची तीच पोरं. मी एकदा हे काढलं, तर म्हणाले, "मास्तर, ते बाहेरचे नायत. ते भाडेकरू हायत." वर भाडेकरू लई सज्जन आहेत, हेही त्यांनी मला ऐकवलं.

बाहेरच्यांना घालवण्यासाठी त्यांनी 'अस्सल मंडळ' काढलं. मी शाळेत मराठी शिकवतो, म्हणून मंडळाची पत्रकं तपासायचं काम माझ्या गळ्यात. एका पत्रकात परके शब्द टाकून देण्याची हाक होती. मी म्हटलं, "अध्यक्ष, 'अस्सल' हाच शब्द अरबी आहे." ते मग म्हणाले, "असंल. पण इथं येऊन लई वर्षं झाली त्याला. आता आपलाच की तो!" मग वाळूजच्या पोरांनाही थोडी वर्षं द्या, असं मी म्हणताच त्यांनी आत हाक मारली, "मास्तरांना चहा टाका गं." उत्तर सुचलं नाही की ते चहा पाजत. त्या घरी मी फार चहा प्यालो आहे.

लेकीला त्यांनी लहानपणापासून खांद्यावर बसवून सभांना नेलं. 'अण्णा, अण्णा' करत वाढलेली ती पोर वकील झाली. बोलायची वडिलांचंच, पण हसून बोलायची. मंडळ तिच्या हाती दिलं तेव्हा अध्यक्षांनी गल्लीभर पेढे वाटले. तेव्हाच कुणीतरी त्यांना फोनवर एक जुनी बातमी पाठवली. फ्रान्समधल्या एका कडव्या पुढाऱ्याला त्याच्या लेकीनंच पक्षातून काढलं होतं. मांडीवर थाप मारून ते म्हणाले, "तिकडं संस्कारच नायत हो!"

मग महापालिकेची निवडणूक आली. लेकीला सगळ्यांची मतं हवी होती, भाडेकरूंचीसुद्धा. मंडळाचा 'आपुलकी मंच' झाला. बॅनरवर लेकीच्या कडेवर नात आली आणि अध्यक्षांचा फोटो गेला. तरी ते सभेत उठले, माईक धरला आणि जुनंच भाषण ठोकलं, शिव्यांसकट. चौथ्या दिवशी त्यांना रजिस्टर पत्र आलं. लेक राहते वरच्या मजल्यावर, अध्यक्ष खालच्या.

पत्र घेऊन ते माझ्याकडे आले. "तपासा," म्हणाले. मी वाचलं. खाली लेकीची सही होती. 'माननीय महोदय, आपणांस मंचातून बडतर्फ करण्यात येत आहे.' 'बडतर्फ' हा शब्द फारसी आहे, हे अगदी जिभेवर आलं होतं. गिळलं. या माणसानं जन्मभर दुसऱ्यांना हाकलायची भाषा केली, तेव्हा वाईट वाटायचं मला काही कारण नव्हतं. तरी वाटलं, फार वाटलं.

"एकही चूक नाही," मी म्हणालो. तिला शुद्धलेखन मीच शिकवलं होतं.

"नीट बगा, मास्तर. कुठंतरी 'अण्णा' लिवलेलं असंल."

मी पान उलटून मागची बाजूही पाहिली.