औरंगाबाद ते लातूर, पाऊण तास

भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की उठून जाणाऱ्यांतला मी. सहकारी साखर कारखान्यात स्टेनो होतो – कागदावर आहे तेवढंच खरं मानायची सवय. म्हणून हे इतकी वर्षं कुठं लिहिलं नाही.

दुष्काळाचं साल होतं, मोबाईल यायच्या आधीचं. आमचे चेअरमन चारा छावण्यांच्या मीटिंगसाठी औरंगाबादला आलेले, मी सोबत. सकाळी गेस्ट हाऊसवर फोन आला. माझे थोरले भाऊ – आण्णा – धारूरजवळच्या आमच्या विहिरीतला गाळ काढत असताना वरून दगड कोसळला होता. अंबाजोगाईहून त्यांना लातूरला हलवलेलं. शुद्धीवर होते, सारखं माझं नाव घेत होते.

चेअरमनना त्याच दिवशी भाड्याच्या छोट्या विमानानं लातूरला जायचं होतं. म्हणाले, "जीपनं गेलास तर सांज हुईल. चल बे, बस माझ्यासंगं. पाऊण तासात लातूर."

सरळ रेषेत दोनशेएक किलोमीटर. दहा वाजून दहा मिनिटांनी उडालो. पायलट, चेअरमन आणि मी. खाली नुसती करपलेली जमीन. अर्ध्या तासानं पायलट म्हणाला, "ते धारूर. अजून बारा-पंधरा मिनिटं." मी किल्ला पाहिला, आमची विहीर कुठं दिसते का शोधायला लागलो... आणि खिडकीबाहेर सगळं पांढरं झालं. ढग म्हणावा तर त्या दिवशी आभाळात ढगच नव्हता. इंजिनचा आवाज लांबून आल्यासारखा झाला. मिनिटभर, फार तर दोन. मग परत लख्ख ऊन.

उतरलो तेव्हा आमच्या तिघांच्या घड्याळांत अकराला पाच कमी. न्यायला आलेला ड्रायव्हर घामाघूम. "साहेब, साडेबारा वाजले! आमाला वाटलं, इमान पडलं का काय." विमानतळावरच्या घड्याळातही साडेबाराच. पायलटनं इंधन तपासलं – पाऊण तासापुरतंच जळालेलं. तो तिथंच पंखाच्या सावलीत खाली बसला.

दवाखान्यात पोचलो तर आण्णांवर चादर ओढलेली. वहिनी भिंतीला टेकून बसली होती. मला बघून म्हणाली, "भावजी, मधीच उठून कुठं गेलते तुमी?"

"वहिनी, मी आत्ता येतोय."

"असं काय बोलायलेत? अकराला आलते की. ह्यांना चमच्यानं पाणी पाजलं. ह्यांनी तुमाला वाकवून कानात कायतरी सांगितलं. तुमी भाईर गेले... अन् घडीभरात हे गेले."

शेजारच्या खाटेवरच्या म्हातारबानंही मान हलवली. "ह्योच शर्ट व्हता," म्हणाला.

चेअरमन त्या प्रवासाबद्दल पुन्हा कधीच बोलले नाहीत. पायलटला मी दोन पत्रं टाकली, उत्तर नाही. तो दीड तास कुठं गेला, आण्णांपाशी कोण बसलं होतं – मला आजही सांगता येत नाही.

वहिनी दर वर्षी श्राद्धाच्या दिवशी विचारायची, "काय सांगितलं हो त्यांनी?" मला माहीत नाही म्हटलं की तिचा चेहरा उतरायचा. तिला वाटतं, मी लपवतोय.

मागच्या वर्षी तिनं विचारलंच नाही. माझं पान वाढलं, आणि आत जाऊन बसली.