काळ्या मातीतलं अडेनियम

बहीण गेली, तेव्हा अकोल्याच्या तिच्या गच्चीवरून बाबांनी एकच गोष्ट मागून आणली. तिचं कुंडीतलं अडेनियमचं झाड. तिला मूलबाळ नव्हतं, साड्या सासरी वाटल्या गेल्या. तिचं म्हणून आमच्याकडे तेवढंच उरलं. बी पेरण्यापासून तिनेच वाढवलेलं, पण इतक्या वर्षांत जेमतेम गुडघ्याएवढं झालेलं. वाढ म्हणाल तर सगळी बुंध्यात, मातीवर आलेल्या गोल, फुगीर पोटात. बाबांच्या पोटाकडे बघत ती त्याला ढेरपोट्या म्हणायची आणि बाबाही हसायचे.

हे झाड मूळचं अरबस्तान नि आफ्रिकेतल्या कोरड्या, खडकाळ मुलखातलं. तिकडे पाऊस येतो नि लगेच निघून जातो. मग महिनोन्महिने हे पोटातल्या पाण्यावर काढतं. अकोल्याचं ऊन त्याला मानवलं होतं. बहिणीने त्याला मुरूम आणि विटांच्या चुऱ्यात ठेवलं होतं, आणि पावसाळ्यात ती कुंडी पत्र्याखाली सरकवायची.

बाबांना ते बघवलं नाही. तिवशाजवळ आपली काळी कसदार जमीन, संत्र्याची बाग, आणि लेकीचं झाड विटांच्या चुऱ्यात! कुणाला न विचारता त्यांनी ते विहिरीजवळ जमिनीत लावलं, वर शेणखत घातलं. मी फोनवर चिडले.

"उपाशी ठेवलं होतं त्याले," ते म्हणाले. "आपल्या मातीत काय नाही जगत?"

आमची माणसं अशीच. माया आली की पाणी घालतात. मला अमरावतीहून निघायला पोळा उजाडला, आणि तोवर पाऊस धो धो कोसळून गेला होता. पानं पिवळी पडून गळाली होती. बुंध्यावर बोट दाबलं तर पिकल्या सीताफळात जावं तसं आत गेलं. मला इतका राग आला की बाबांकडे बघवेना.

झाड उपटून धुतलं. चांगला पांढरा गर लागेपर्यंत कुजकं कापत जायचं, एवढाच उपाय होता. बाबांनी ते दोन्ही हातांनी धरलं, मी सुरी चालवली. आत तपकिरी. आणखी एक चकती काढली, तीही तपकिरी. बुंधा संपला, फांदी लागली, तिच्यातही तोच रंग. शेवटी मी सुरी खाली ठेवली. बाबांच्या चिमटीत बोटभर शेंडा राहिला होता.

"अजून थोडकसं वर काप," ते म्हणाले.

मी म्हटलं, बाबा, वर काही नाही. त्यांनी तो शेंडा माझ्यापुढे तसाच धरून ठेवला.