बुरैद्यातली तिसरी घंटा

नाशिकहून निघताना आमच्या हौशी नाट्यमंडळानं मला शाल आणि नारळ दिला. भाषणं झाली. एका वक्त्यानं माझा उल्लेख 'आपल्याला सोडून गेलेले आपले मित्र' असा केला, आणि टाळ्या थांबल्यावर आपण काय बोललो ते त्याला कळलं. मी पन्नाशी ओलांडलेला माणूस. अकरावी-बारावीला तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवायचं, आणि नाटकात कायम इन्स्पेक्टर नाहीतर नायिकेचा बाप व्हायचं, हे माझं आयुष्य. अशा माणसाला सौदी अरेबियात नोकरी लागावी, हे मलाही खरं वाटत नव्हतं.

बायकोला मात्र लगेच खरं वाटलं, कारण तिनं सगळ्या अटी खोदून खोदून विचारल्या होत्या. पहिले तीन महिने परीक्षेचे. पसंत पडलो तर नोकरी पक्की, आणि तिला तिकडे न्यायची परवानगी. नाही पडलो तर परतीचं तिकीट.

"परत आलात तर ते शाल मागायला येतील हो," ती म्हणाली. "नारळाचं काही करता येणार नाही. वड्या करून संपल्या." आणि शाल तिनं कपाटात अगदी वर ठेवून दिली, घडीसुद्धा न मोडता.

तर मी बुरैद्याला आलो. हे खजुरांचं शहर आहे. रस्त्याच्या दुभाजकात खजूर, सरकारी कचेरीपुढे खजूर, आणि कुणाच्याही घरी गेलं की ताटलीत खजूर. माझी संस्था नोकरी-धंद्यातल्या पुरुषांना संध्याकाळी इंग्रजी शिकवायची. वर्गात एक बँकेतला कारकून, एक औषधांच्या दुकानाचा मालक, कोंबड्या पाळणारे दोन भाऊ, असे सगळे पांढऱ्याशुभ्र झब्ब्यांतले गृहस्थ. आणि एक मेंदीनं दाढी रंगवलेले खजुरांचे व्यापारी. माझ्याहून दहा-बारा वर्षांनीच मोठे, पण मी मनात त्यांना आजोबा म्हणू लागलो. परदेशी गिऱ्हाइकाशी दलाल मध्ये न घेता स्वतः घासाघीस करायची, एवढ्यासाठी ते इंग्रजी शिकायला आले होते. हेतू मला फार आवडला.

पहिल्या दिवशी मी 'धडा पहिला' म्हणालो आणि दार उघडलं. कुणीतरी उशिरा आला होता. तो गुपचूप मागे जाऊन बसेल, असं मला वाटलं. कसला बसतोय! त्यानं खणखणीत सलाम केला, अख्खा वर्ग उठून उभा राहिला, आणि उजव्या हाताच्या पहिल्या माणसापासून त्यानं सुरुवात केली. हातात हात. कसा आहेस? तब्येत कशी? घरचे कसे? काय नवीन? मग पुन्हा एकदा, कसा आहेस? मधल्या काळात त्याला काही झालं असेल तर! मग दुसरा माणूस, मग तिसरा. शेवटी माझा हातही त्यानं मार्करसकट हलवला. तो टेकला, मी पुन्हा 'धडा' म्हणालो, आणि दार उघडलं.

आजोबा सगळ्यांत शेवटी यायचे. त्यांच्या कपाळाचं चुंबन घ्यायला तर रांगच लागायची. तास संपेपर्यंत आमचा पहिला धडा पहिल्याच ओळीवर.

आता मी नाट्यगृहात वाढलेला माणूस. आमच्याकडे तिसरी घंटा झाली की झाली. मग येणाऱ्यानं अंधारात चोरासारखं यायचं. मी एका सायकलवाल्याकडून घंटी आणली आणि टेबलाच्या कडेला आवळून बसवली. दुसऱ्या दिवशी जाहीर केलं की तीन घंटा होतील, तिसरीनंतर येणाऱ्यानं कुणालाही सलाम करायचा नाही, कमरेत वाकून आत यायचं आणि मागे बसायचं. नुसतं सांगून मी थांबलो नाही. करून दाखवलं. वाकलो, श्वास रोखला, खुर्च्यांच्या पाठी चाचपत निघालो, एकाच्या पायावर पाय दिला, कुजबुजत माफी मागितली आणि भलत्याच खुर्चीत बसलो. वर्ग हसून हसून लोटपोट. मी खूश. हसले म्हणजे पटलं, असं आम्हा नटांना वाटतं.

आणि त्यांनी ते मनापासून पाळलं हो! सहा फुटी माणसं डोक्यावरचा रुमाल सावरत, वाकून, बाकांना "सॉरी" म्हणत आत येऊ लागली. आजोबा आले ते गुडघ्यावर हात ठेवून वाकले, तसेच सरकत कोपऱ्यात गेले आणि भिंतीकडे बघत बसले.

वर्गात शांतता झाली. इतकी, की सायकलची घंटी माझ्याकडे बघतेय असं वाटावं. पुस्तकात विमानतळावरचा संवाद होता. मी म्हणायचो, बोला! ते पुस्तकाकडे बघायचे, मग माझ्याकडे, मग घड्याळाकडे. पुढच्या आठवड्यात आजोबा आले नाहीत. त्याच्या पुढच्या आठवड्यात कोंबडीवाले भाऊ आले नाहीत.

माझ्या शेजारच्या फ्लॅटमध्ये आमच्याच संस्थेतले संगणकाचे मास्तर राहायचे, रत्नागिरीचे. त्यांच्या घरून शुक्रवारी मला सुरमईचं कालवण यायचं आणि त्याच्याबरोबर टोमणाही यायचा.

"काय हो मास्तर, आज प्रयोग किती जणांसमोर?"

"पाच."

"मग पुढचा एकपात्रीच लावा. कलाकारांचा खर्च तरी वाचेल."

बायकोला फोन केला की मी सगळा तासच्या तास तिच्यापुढे करून दाखवायचो, आवाज बदलून. एकदा ती शेवटी म्हणाली, "मी कशी आहे, ते विचारायचं राहिलं वाटतं."

"अगं, आता तेच विचारणार होतो."

"हो का? तिसऱ्या घंटेनंतर?"

तिसरा महिना लागला. संस्थेचे व्यवस्थापक, शांत, बारीक मिशीचे गृहस्थ, मला जिन्यात भेटले. म्हणाले, "सोमवारी मी तुमच्या वर्गात येऊन बसेन. लोक कमी झालेत असं कानावर आलं." एवढंच. पण मला कपाटातली शाल दिसायला लागली.

एवढ्या वेळात करण्यासारखं एकच होतं. आजोबा आले, की त्यांच्या मागोमाग बाकीचे येतील. दुसऱ्या दिवशी पहाटे मी रत्नागिरीकरांच्या दारात उभा राहिलो.

"खजूर बाजारात सोडता?"

"खजूर घ्यायला?"

"आजोबांना आणायला."

"यल्ला, चला," ते म्हणाले आणि गाडीची किल्ली शोधू लागले. "पण भाव काय पडेल, सांगता येत नाही."

बाजार म्हणजे नजर पोचेल तिथवर उघड्या गाड्या, प्रत्येकीत सोनेरी सुक्करी खजुरांची खोकी, आणि गाडीवर उभा राहून बोली पुकारणारा माणूस. इतका मोठा आवाज माइकशिवाय मी आमच्या मंडळातही ऐकला नव्हता. एका गाडीशेजारी गालिच्यावर आजोबा पाच-सात मित्रांबरोबर कॉफी घेत बसले होते, नजर बोलीवर. व्यवहार ऐन रंगात आलेला. त्यात आपला व्यत्यय नको, म्हणून मी सवयीनं कमरेत वाकलो आणि तसाच सरकत सरकत जाऊन गालिच्याच्या टोकाला बसलो.

सगळे माझ्याकडे बघू लागले. आजोबा कॉफीचा पेला टाकून उठले.

"टीचर! पाठीला काय झालं?"

"काही नाही. व्यत्यय नको म्हणून."

त्यांनी मला दंडाला धरून उभं केलं, सरळ केलं, पाठीवरून हात फिरवून खात्री करून घेतली, आणि उजव्या हाताच्या पहिल्या माणसापुढे नेऊन उभं केलं. मग दुसऱ्यापुढे. बोली पुकारणारासुद्धा थांबला आणि गाडीवरून खाली वाकून त्यानं माझा हात हातात घेतला. फेरी पुरी झाल्यावर आजोबांनी मला आपल्याजवळ बसवलं आणि विचारायला लागले. कसे आहात? तब्येत कशी आहे? घरी सगळे कसे? तुमच्या गावी पाऊस झाला का? जेवता कुठे? अन्न सोसतं का? आणि हे सगळं इंग्रजीत! तुटक, अरबी वळणाचं, पण एकदाही न अडखळता. विमानतळावरच्या संवादातलं एक वाक्य ज्यांच्या तोंडून मला काढता आलं नव्हतं, ते आजोबा मला पाणी प्यायला उसंत देत नव्हते.

"तुम्ही येत का नाही?" मी विचारलं.

आजोबा जरा संकोचले. "सलाम न करता बसलो, की लोकांना वाटतं मी रागावलोय. त्या कोंबडीवाल्याचा रात्री फोन आला, माझं काय चुकलं म्हणून. आता त्याला काय सांगू, घंटी वाजली म्हणून?"

मी त्यांना सोमवारचं सगळं सांगितलं. व्यवस्थापक, तीन महिने, बायको, सगळं. शाल समजावून सांगायला जरा वेळ लागला. त्यांनी मान हलवली.

"येतो. वेळेवर येतो."

"नाही नाही, वेळेवर नको!" मी जवळजवळ ओरडलो. "उशिराच या. आणि सगळ्यांना भेटा. फक्त इंग्रजीत. आणि एक करा, आधीच्या माणसानं विचारलेला प्रश्न तुम्ही विचारायचा नाही."

त्यांच्या डोळ्यांत बाजारातली चमक आली. हा सौदा त्यांना आवडला होता. बाकीच्यांनाही त्यांनीच कळवलं.

सोमवारी व्यवस्थापक मागच्या खुर्चीत बसले, मांडीवर फाइल. मी 'धडा सातवा' म्हणालो आणि दार उघडलं. पहिल्यानं नेहमीचे प्रश्न संपवले. दुसऱ्याला नवे शोधावे लागले, तिसऱ्याला त्याहून नवे. गाडीचा एसी दुरुस्त झाला का? भावाची परीक्षा कशी गेली? कोंबडीवाल्याला कुणीतरी त्याच्या प्रत्येक कोंबडीची तब्येत विचारली, आणि त्यानं सांगायला सुरुवातही केली. औषधवाल्याला 'तू माझे केस गळायच्या औषधाचे जास्त पैसे का लावलेस' असा प्रश्न आला, आणि दोघे इंग्रजीत भांडले. माझ्यासाठी ते सनईचे सूर होते.

आजोबा सगळ्यांत शेवटी आले. कपाळाच्या चुंबनांची रांग झाली. माझी चौकशी झाली, विशेषतः पाठीची. मग ते थेट मागे व्यवस्थापकांपुढे जाऊन उभे राहिले. ओळख जुनी असावी, कारण त्यांनी विचारलं, "वडिलांचा गुडघा कसा आहे?"

व्यवस्थापक उठले आणि अरबीत उत्तर देऊ लागले. आजोबांनी बोट वर केलं.

"इंग्लिश, प्लीज."

वर्ग हसून कोसळला. मी फळ्याकडे तोंड करून उभा राहिलो, कारण माझं तोंड बघण्यासारखं नव्हतं. पण व्यवस्थापकांनी घसा साफ केला आणि वडिलांचा गुडघा, शस्त्रक्रिया, डॉक्टर, वडिलांचा हट्टीपणा, सगळं इंग्रजीत सांगितलं. लोकांनी मध्ये मध्ये उपाय सुचवले, तेही इंग्रजीतच. मग आजोबा सावकाश माझ्या टेबलाशी आले, घंटी तीनदा वाजवली आणि म्हणाले, "नाऊ स्टार्ट."

तेवढ्यात तास संपला.

वर्ग रिकामा झाल्यावर व्यवस्थापक माझ्याजवळ आले. "पुस्तक उघडलंच नाहीत."

"नाही."

ते फाइल काखेत धरून दारापर्यंत गेले. गेली शाल, मी मनात म्हटलं. दारातून ते वळले, परत आले आणि माझा हात हातात घेतला. "तब्येत कशी आहे? घर नीट मिळालं ना? इथली हवा मानवते का?" मी हो-हो म्हणत होतो. इथे महत्त्वाची गोष्ट पहिल्या प्रश्नात कधीच नसते, हे मला आता कळलं होतं. मी थांबलो. "मग," ते म्हणाले, "कुटुंबाला कधी आणताय?"

बाहेर रत्नागिरीकर उभेच होते. "काय मास्तर?"

"हाऊसफुल्ल."

घरी येऊन फोन लावला. पलीकडून पहिलंच वाक्य आलं, "काय झालं?"

"कशी आहेस?"

"बरी आहे. नोकरीचं काय झालं?"

"तब्येत कशी आहे?"

"अहो, बरी आहे म्हटलं ना."

"आणि तुझी आई? आणि त्या नळाचं काय झालं, गळत होता तो?"

मग ती हळूच म्हणाली, "नळ काल बदलला. चार वेळा बोलावलं तेव्हा आला मेला." आणि मग ती बोलायला लागली. नळवाला, आईचं डोळ्यांचं ऑपरेशन, तिचा स्वतःचा दुखरा खांदा, ज्याबद्दल मला काहीच माहीत नव्हतं. मी मध्ये एक शब्द बोललो नाही. आमच्या मंडळात कुणाचा यावर विश्वास बसणार नाही.

शेवटी तिचं तिलाच आठवलं. "अहो, तुम्हाला काहीतरी सांगायचं होतं ना?"

"हो," मी म्हणालो. "इथे हिवाळ्यात चांगली थंडी पडते म्हणतात. येताना ती शाल घेऊन ये."